वीस रुपयांची हिरवट-पिवळी नोट: वेरूळ, चिन्हं आणि संग्रहात लावायची रीत

हरिपूररोड (सांगली)

नमस्कार मंडळी. महात्मा गांधी नवीन मालिकेतल्या (२०१६ पासूनच्या) नोटांचा संच लावायला घेतलाय. सुरुवात वीसच्या नोटेपासून करतोय, कारण तिच्यावर आपलं वेरूळ आहे आणि कोरी नोट दर्शनी किमतीलाच मिळते. दिवाळीनंतर शाळेच्या प्रदर्शनात याच एका नोटेवर दोन पानं मांडायची आहेत.

जाणकारांनी तीन गोष्टी सांगाव्यात. नोटेवर नेमकं काय काय आहे आणि ते का आहे? एकाच वीसच्या नोटेचे किती प्रकार संग्रहात धरायचे? आणि ओळखीचे एक जण म्हणतात की या नोटेवर बोट फिरवलं तर काहीच उठाव लागत नाही, म्हणजे ती खोटी. यात तथ्य आहे का?

अजिंक्यतारा (सातारा)

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्यावरून चांगल्या नोटा नाकारल्या जातात. बोटाला लागणारी उठावाची छपाई (इंटाग्लिओ) नवीन मालिकेत १०० आणि त्याहून मोठ्या नोटांवरच आहे. १०, २० आणि ५० वर ती नाही. जुन्या मालिकेतल्या (१९९६ पासूनच्या) वीसवर पूर्वी उठाव होता, डोळ्यांनी न दिसणाऱ्यांसाठी उभा आयतही होता. पुढे त्याच मालिकेच्या नंतरच्या छपाईत तो काढला गेला. त्यामुळे ‘हाताला गुळगुळीत लागते’ हा वीसच्या बाबतीत दोष धरता येत नाही. तसंच रंग बदलणारी शाई २०० पासून पुढे आहे आणि हिरव्याचा निळा होणारा धागा १०० पासून पुढे. वीस तिरकी करून रंग बदलायची वाट पाहू नका.

आता नोट हातात घ्या. माप ६३ × १२९ मिमी. रिझर्व्ह बँकेने ती २०१९ च्या एप्रिलमध्ये जाहीर केली, म्हणजे या मालिकेतली नोट म्हणून ती सगळ्यात शेवटी आली. ५०० आणि २००० नोव्हेंबर २०१६ मध्ये आल्या, ५० आणि २०० ऑगस्ट २०१७ मध्ये, १० जानेवारी २०१८ मध्ये आणि १०० जुलै २०१८ मध्ये.

पुढच्या बाजूला मध्यभागी गांधीजी. जुन्या मालिकेत ते उजवीकडे होते, नवीन मालिकेत मध्यावर आले. मूळ छायाचित्र १९४६ चं आहे. त्यात गांधीजींच्या शेजारी ब्रिटिश मंत्री पेथिक-लॉरेन्स आहेत. नोटेसाठी त्यातला फक्त चेहरा घेतला आणि तोही आरशात दिसावा तसा उलटवून. चित्राच्या उजवीकडे हमी आणि वचनाचा मजकूर, गव्हर्नरांची सही आणि रिझर्व्ह बँकेची मुद्रा. मुद्रेवर वाघ आणि ताडाचं झाड आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या दुहेरी मोहरेवर (सोन्याच्या नाण्यावर) सिंह आणि ताड होते, त्यावरून ही कल्पना घेतली आणि सिंहाच्या जागी वाघ आला. त्याच्याही उजवीकडे सारनाथचा अशोकस्तंभ. म्हणजे एकाच नोटेवर दोन मुद्रा आहेत, एक देशाची आणि एक बँकेची. प्रदर्शनाच्या पाटीवर या दोन्ही वेगळ्या लिहा, मुलं हमखास गोंधळतात.

देवनागरी ‘२०’ पुढेही आहे आणि मागेही. उजेडासमोर धरली की पांढऱ्या जागेत गांधीजींचा वॉटरमार्क (कागदातच उमटवलेलं चित्र) आणि त्याच्याजवळ उजळ ‘20’ दिसतो. याशिवाय पुढे-मागे अर्धा अर्धा छापलेला एक ‘20’ असतो, तो उजेडात जुळून पूर्ण होतो. सुरक्षा धागा पुढून तुटक दिसतो, उजेडात सलग रेघ. त्यावर ‘भारत’ आणि आरबीआय ही अक्षरं. सूक्ष्म अक्षरं वाचायला १० पटीचं भिंग पुरतं. त्याहून जास्त पटीच्या भिंगात नजर एका जागी टिकत नाही आणि आजूबाजूची नक्षी हरवते.

आता मागची बाजू. चित्र वेरूळच्या कैलास लेण्याचं, म्हणजे १६ व्या लेण्याचं. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात ते एका अखंड खडकातून वरून खाली कोरत आणलं. आधी कळस, मग सभामंडप, शेवटी जोतं. बांधकामाचा क्रम पूर्ण उलटा, आणि कोरताना चुकलेला भाग परत लावायची सोय नाही. वेरूळला एकूण ३४ लेणी धरतात: १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. नोटेसाठी वेरूळ निवडलं यातली खरी गंमत मला इथे वाटते, की तीन धर्मांची लेणी एकाच डोंगरात शेजारी शेजारी आहेत. पाटीवर फक्त ‘कैलास मंदिर’ लिहून थांबू नका. रिझर्व्ह बँकेने चित्राला ‘वेरूळची लेणी’ असंच नाव दिलंय.

संपूर्ण मालिका शेजारी लावली की आणखी एक धागा दिसतो. दहावर कोणार्क (जागतिक वारसा १९८४), वीसवर वेरूळ (१९८३), पन्नासवर हंपीचा दगडी रथ (१९८६), शंभरावर पाटणची राणी की वाव (२०१४), दोनशेवर सांची (१९८९), पाचशेवर लाल किल्ला (२००७). सगळी युनेस्कोच्या यादीतली स्थळं. दोन हजारावर मात्र मंगळयान होतं, म्हणजे ती नोट चित्राच्या दृष्टीनेही वेगळी पडली. हंपीचा रथ विठ्ठल मंदिराच्या आवारातला आहे आणि तो प्रत्यक्षात गरुडाचं देऊळ आहे, हे आपल्याकडच्या वारकरी घरांत सांगितलं की लोक पन्नासची नोट खिशातून काढून परत बघतात. प्रतापगड २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थळांसोबत त्याच यादीत गेला. पुढच्या एखाद्या मालिकेत आपल्या जिल्ह्याचा गड नोटेवर यावा असं मनापासून वाटतं.

मागच्या बाजूला डावीकडे छपाईचं वर्ष, गांधीजींचा चष्मा असलेलं स्वच्छ भारतचं चिन्ह आणि पंधरा भाषांची पट्टी. भाषा इंग्रजी नावांच्या अकारविल्हे लावलेल्या आहेत: असमिया, बंगाली, गुजराती, कन्नड, काश्मिरी, कोंकणी, मल्याळम, मराठी, नेपाळी, ओडिया, पंजाबी, संस्कृत, तमिळ, तेलुगू, उर्दू. मराठी आठवी, म्हणजे बरोबर मधली ओळ. वरून पहिली देवनागरी ओळ दिसली की लोक तिला मराठी समजतात, पण ती कोंकणी असते. तिच्याखाली मल्याळम आणि मग आपलं ‘वीस रुपये’.

मिरज_जंक्शन

अजिंक्यतारांनी चित्राचं छान सांगितलं. मी प्रकारांचं सांगतो.

वीसचा नवीन मालिकेतला नमुना एकच आहे. त्यात सह्या दोन: शक्तिकांत दास आणि २०२५ पासून संजय मल्होत्रा. ऊर्जित पटेल यांच्या सहीची नवीन वीस नाही, कारण ते डिसेंबर २०१८ मध्ये पायउतार झाले आणि नोट त्यानंतर आली. कोणी ‘पटेल सहीची वेरूळ नोट, दुर्मीळ’ म्हणून विकत असेल तर तिथून उठा. याउलट १०, ५०, १००, २०० आणि ५०० मध्ये पटेल, दास आणि मल्होत्रा अशा तिन्ही सह्या मिळतात. दासांची सही एक रुपयाच्या २०१७ च्या नोटेवरही आहे, ती अर्थ मंत्रालयाचे सचिव म्हणून. एक रुपयाची नोट भारत सरकारची असते, रिझर्व्ह बँकेची नसते, म्हणून तिच्यावर वचनाचा मजकूर नाही. दासांच्या सहीची एक आणि वीस ही जोडी शेजारी लावली तर तुमच्या प्रदर्शनाचं एक पान आपोआप उभं राहतं.

सहीच्या खालची पायरी म्हणजे वर्ष (मागे छापलेलं) आणि इनसेट अक्षर. क्रमांकाच्या पट्टीत आकड्यांच्या मागे फिकट मोठं अक्षर असतं ते इनसेट. काही नोटांवर ते नसतं, तेव्हा नोंदीत ‘कोरं’ असं लिहायचं. अक्षरावरून छापखाना ओळखायच्या याद्या व्हॉट्सअॅपवर फिरतात. त्या वाचा, पण त्यांच्या भरवशावर जास्तीचे पैसे मोजू नका.

नोंदवहीत प्रत्येक नोटेला एकच ओळ ठेवा: सही, वर्ष, इनसेट, प्रीफिक्स (दोन आकडे आणि एक अक्षर), सहा आकडी क्रमांक, दर्जा, कुठून घेतली, किती दिले. दर्जाचं रोजच्या भाषेत असं धरा. कोरी म्हणजे एकही घडी नाही आणि चारही कोपरे धारदार. जवळपास कोरी म्हणजे मोजण्याच्या खुणा किंवा मधे एक हलका बाक, पण शाई तुटलेली नाही. एक कडक घडी, जिच्यावर शाईची पांढरी रेघ उमटली, तिला कोरी म्हणायचं नाही, ती कितीही करकरीत वाजो.

घेताना चार तपासण्या करा.

१. स्टीलची पट्टी घेऊन माप. ६३ × १२९ पासून अर्धा-एक मिलिमीटर फरक कटिंगमध्ये पडतो. त्याहून कमी भरली आणि एका बाजूची पांढरी कड बारीक दिसली, तर फाटकी कड कापून नोट ‘नवी’ केलेली असते.

२. बाजूने पडणारा उजेड. अंधाऱ्या खोलीत टॉर्च टेबलाला टेकवून आडवी धरा. इस्त्री करून किंवा पुस्तकात दाबून सपाट केलेली घडी यात लगेच वर येते. मोठ्या नोटांमध्ये दाबल्यामुळे उठाव चपटा होतो, म्हणून फसवणूक ओळखणं सोपं जातं. वीसवर उठावच नसल्याने हा एकच उपाय राहतो, आणि म्हणूनच वीसमध्ये दाबलेल्या नोटा ‘कोऱ्या’ म्हणून जास्त खपतात.

३. यूव्ही टॉर्च, ३६५ नॅनोमीटरची. नोटेचा कागद मंद राहिला पाहिजे. क्रमांक आणि कागदातले रंगीत तंतू चमकतात. सगळा कागदच निळसर-पांढरा पेटला तर नोट कपडे धुवायच्या पावडरीत धुतलेली असते. पावडरीतली पांढरं दाखवणारी रसायनं कागदात बसतात आणि परत निघत नाहीत.

४. क्रमांक. डावीकडचा वरचा आणि उजवीकडचा खालचा, दोन्ही एकच असायला हवेत, आणि आकडे डावीकडून उजवीकडे मोठे होत जातात. १५०८४७ सारखी तारीख, सगळे आकडे सारखे, १२३४५६ अशी चढण, यांना जास्त भाव मिळतो, म्हणून त्यांतच आकडा खरवडून बदलण्याचे प्रकार होतात. खरवडलेल्या जागी तंतू उभे राहतात आणि यूव्हीखाली तो आकडा बाकीच्यांसारखा चमकत नाही.

प्रदर्शनासाठी दोन नोटा लागतील, एक पुढून आणि एक मागून दाखवायला. रंगीत झेरॉक्स काढून लावू नका. चलनी नोटेसारखा दिसणारा कागद करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १८२ खाली गुन्हा आहे, हेतू चांगला असला तरी. चाळीस रुपयांत खऱ्या दोन नोटा लागतात, मग नक्कल हवी कशाला?

हरिपूररोड (सांगली)

दोघांचेही आभार. पटेल सहीचं कळलं ते फार उपयोगाचं. आता साठवणीचं विचारतो. जुलै-ऑगस्टमध्ये घरात भिंती ओल धरतात. अल्बम लोखंडी कपाटात ठेवू का? आणि बाजारात जे स्वस्त पारदर्शक पाकीट मिळतं ते चालेल का?

कृष्णाकाठ (औदुंबर)

पाकिटापासून. मऊ, लवचिक आणि नव्या रेनकोटसारखा वास असलेलं पाकीट पीव्हीसीचं असतं. त्यातलं मऊपणा देणारं द्रव्य हळूहळू बाहेर येतं, पाकीट चिकट होतं आणि नोटेची शाई त्याला धरते. पॉलिएस्टर (मायलार) किंवा पॉलीप्रॉपिलीनचं घ्या, ते कडक असतं आणि हलवलं की कुरकुर वाजतं. शंका असेल तर तांब्याची तार पकडीत धरून मोकळ्या हवेत लाल तापवा, पाकिटाच्या एका तुकड्याला टेकवा आणि ती तार परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर पीव्हीसी. धूर तोंडावर घेऊ नका.

खिसा नोटेपेक्षा प्रत्येक बाजूने चार-पाच मिलिमीटर मोठा हवा. वीसचा खिसा पाचशेसाठी वापरायचा प्रयत्न करू नका, पाचशे १५० मिमी लांब आहे, कोपरे दुमडतात. रबरबँड, सेलोटेप, डांबर गोळ्या या तिन्ही गोष्टी नोटांच्या डब्यात नकोत. रबर वितळून चिकटतं आणि डांबर गोळ्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडतं. पाटी पाकिटावर लावायची, नोटेवर पेन्सिलनेसुद्धा काही लिहायचं नाही.

लोखंडी कपाट चालेल, पण बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, मधे चार बोटं जागा सोडा. पहाटे गार झालेल्या पत्र्यावर आतून पाणी धरतं, म्हणून अल्बम कपाटातही झाकणाच्या डब्यात, आणि उभा. आडवे अल्बम एकावर एक रचले की खालच्या नोटांवर दाब येतो आणि दमट दिवसांत त्या पाकिटाला चिकटतात.

ओलावा ४५ ते ५५ टक्के ठेवायचा. डिजिटल आर्द्रतामापक स्वस्तात मिळतो, पण तो आधी तपासून घ्या: बाटलीच्या झाकणात मीठ घालून ते थोडं पाणी टाकून चिखलासारखं करा, झाकण आणि मापक एका झिप पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी ७५ च्या आसपास आकडा हवा. ६९ दाखवत असेल तर तुमचा मापक सहा कमी दाखवतो, तेवढं मनात धरून वाचा. दहा लिटरच्या डब्यात ५० ग्रॅम सिलिका जेल पुरतं. रंग बदलणारं नारिंगी घ्या. निळ्यात कोबाल्ट असतं, ते लहान मुलांच्या घरात नको. रंग गेला की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास, की परत तयार. दसऱ्यानंतर जेल कमी करा, कारण अगदी कोरड्या हवेत कागद ठिसूळ होतो.

आणि सांगलीकरांसाठी वेगळं. २००५, २०१९, २०२१ या तिन्ही पुरांत पाणी कुठवर आलं हे तुमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत असतं. अल्बम त्या खुणेच्या वर, शक्यतो वरच्या मजल्यावर. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी वाढायला लागली की कपाटात शोधाशोध करायला वेळ नसतो, म्हणून पूर्ण संग्रह एका उचलता येईल अशा झाकणबंद डब्यात ठेवा.

नोटा भिजल्याच तर खिशातून ओढून काढू नका. ओला कागद कडेने चटकन फाटतो. पाकिटाच्या दोन बाजू कात्रीने उघडा आणि नोट खालच्या प्लास्टिकसकट उचला. गाळ असेल तर पसरट ताटात स्वच्छ पाणी घेऊन नोट प्लास्टिकवरच ठेवून बुडवा, चोळू नका, पाणी दोन-तीनदा बदला. साबण अजिबात नको, यूव्हीचं वर आलंच आहे. मग दोन टिपकागदांमध्ये ठेवून वर वजनाला एक जाड पुस्तक. टिपकागद पहिल्या दिवशी दर दोन-तीन तासांनी बदला, नंतर सकाळ-संध्याकाळ. ऊन, इस्त्री, केस वाळवायचं यंत्र यांपैकी काहीही नाही, कागद आकसतो आणि धाग्याच्या बाजूने लाटा पडतात. नोटा खूप असतील आणि एका दिवसात हाताळता येणार नसतील, तर प्रत्येकीमध्ये प्लास्टिकचा कागद घालून झिप पिशवीत फ्रीजरमध्ये टाका. दोन दिवसांत बुरशी धरते, ती गोठल्यावर थांबते. मग सवडीने थोड्या थोड्या बाहेर काढून वाळवा. अशी नोट कोरी म्हणून कधीच विकू नका, नोंदीत ‘भिजलेली’ लिहा.

विश्रामबाग_नाणी

कायद्याचं एक जोडतो, कारण संच मागे वाढत गेला की हा प्रश्न येतोच. २०१६ मध्ये बंद झालेल्या ५०० आणि १००० च्या नोटा बाळगायला २०१७ च्या कायद्याने मर्यादा आहे: सर्वसाधारण माणसाला एकूण दहा, आणि अभ्यास, संशोधन किंवा नाणी-नोटांच्या संग्रहासाठी एकूण पंचवीस. दोन्ही किमतींच्या मिळून, प्रत्येकी नाही. ओलांडलं तर दहा हजार रुपये किंवा दर्शनी किमतीच्या पाचपट, यातलं जे जास्त असेल तेवढा दंड. गुलाबी २००० यात येत नाही. ती मे २०२३ मध्ये चलनातून मागे घेतली, पण कायदेशीर चलन म्हणून कायम आहे.

‘जुनी नोट द्या, लाखो मिळवा’ असा फोन आला आणि पलीकडचा माणूस रिझर्व्ह बँकेचं नाव घेऊन आधी कमिशन मागत असेल, तर तिथेच फोन ठेवा. रिझर्व्ह बँक अशा व्यवहारात नसते आणि कमिशन घेत नाही, हे तिने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे.

हरिपूररोड (सांगली)

शेवटचा प्रश्न. मालिकेतल्या बाकीच्या नोटा जमवताना क्रमांकात मधे चांदणी असलेल्या नोटाही मिळतात. गणपती पेठेत एका दुकानदाराने अशी नोट घ्यायला नकार दिला. ती संचात वेगळी धरायची का?

मिरज_जंक्शन

वेगळीच धरा. प्रीफिक्स आणि क्रमांकाच्या मधे चांदणी म्हणजे बदली नोट. शंभराच्या गड्डीत छपाईत बिघडलेली नोट सापडली की ती काढून तिच्या जागी चांदणीवाली घालतात, म्हणजे गड्डीची मोजणी पूर्ण राहते. ही पद्धत २००६ मध्ये १०, २० आणि ५० पासून सुरू झाली, ५०० मध्ये डिसेंबर २०१६ पासून. चांदणी पाहून नोट खोटी म्हणणाऱ्यांसाठी रिझर्व्ह बँकेने जुलै २०२३ मध्ये खुलासा केला की ती इतर नोटेइतकीच वैध आहे. दुकानदारांना तो खुलासा मोबाईलवर दाखवा, बहुतेक घेतात.

नोंदवहीत प्रीफिक्सनंतर चांदणीची खूण करा आणि सही, वर्ष, इनसेट नेहमीसारखं लिहा. चांदणीच्या नोटेची किंमत दर्जावर फार अवलंबून असते. वापरलेली, घडी पडलेली असेल तर दर्शनी किमतीच्या फार वर जाऊ नका. आणि चांदणी मागाहून छापून घेतलेल्या नोटाही येतात: भिंगाखाली चांदणीची शाई आकड्यांच्या शाईशी जुळते का ते बघा, यूव्हीखाली दोन्ही सारख्या चमकल्या पाहिजेत, आणि खऱ्या नोटेत चांदणीसाठी जागा आधीच सोडलेली असते. अक्षर आणि पहिला आकडा यांच्यामधे ती दाटीने कोंबल्यासारखी दिसली तर नोट परत करा.